टेस्टरवर ‘रिप्लेस’ आलं म्हणून बॅटरी गेली असं नाही: नाशिकमधल्या एका फसवणुकीचा हिशेब

जानेवारीतली सकाळ, इंदिरानगरमधली सोसायटी, चांगलीच थंडी. पावणेसातला चावी फिरवली तर सेल्फ फिरलाच नाही, नुसतं टक्-टक्-टक्. चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे मंद होत होते. गाडी छोटी, पेट्रोलची. बॅटरी ३५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), तीन वर्षं जुनी. मोबाईलवर शोधलेल्या ‘घरपोच बॅटरी’च्या नंबरावर फोन केला, वीस मिनिटांत दोघं जण हजर. टेस्टरचे चिमटे लावले, स्क्रीनवरचा ‘रिप्लेस’ हा शब्द मालकाला दाखवला, जुनी काढली, ‘नवी’ बसवली, ५,२०० रुपये घेतले आणि जुनी बॅटरी स्कूटरवर टाकून गेले. पावती साध्या लेटरपॅडवर. पाच आठवड्यांनी पुन्हा तेच टक्-टक्. आणि तो नंबर आता बंद.

मालकाने घरी दाखवायला म्हणून टेस्टरच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता. तो फोटो नसता तर खरं काय झालं ते कधीच कळलं नसतं. स्क्रीनवर तीन आकडे होते: व्होल्टेज १२.१, मोजलेला सीसीए २८५, आणि टेस्टरमध्ये भरलेला सीसीए ५००. गोम इथे आहे. सीसीए म्हणजे कडाक्याच्या थंडीत बॅटरी सेल्फला किती अँपिअर देऊ शकते त्याचा आकडा. टेस्टर स्वतः काही ठरवत नाही. तपासणारा जो आकडा भरतो त्याच्याशी तो मोजलेला आकडा ताडून पाहतो. मालकाच्या जुन्या वॉरंटी कार्डावर सीसीए ३०० छापलेला होता. २८५ हे ३००च्या ९५ टक्के, म्हणजे बॅटरी ठणठणीत. तेच २८५ हे ५००च्या ५७ टक्के, म्हणजे ‘रिप्लेस’. एक आकडा चुकीचा भरला की चांगल्या बॅटरीला यंत्राच्या तोंडून मेलेली म्हणवता येतं. आणि यंत्र म्हणतंय म्हटल्यावर माणूस वाद घालत नाही.

त्यात ती बॅटरी तेव्हा डाऊन होती. १२.१ व्होल्ट म्हणजे निम्म्याहून कमी चार्ज. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास तशीच ठेवून मोजली तर १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ला साधारण पाऊण भरलेली असते आणि १२.२ला निम्मी. डाऊन बॅटरीवरचा निकाल धरायचाच नसतो. आधी चार्ज करून पुन्हा तपासायचं, चांगले टेस्टर स्वतःच तसं सांगतात. तेव्हा कोणी टेस्टर लावलाच तर निकालाचा शब्द वाचू नका. ‘भरलेला सीसीए किती आणि लेबलवर किती?’ एवढंच विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच लेबलांवर फक्त एएच असतो, म्हणून बॅटरीच्या मॉडेलचा सीसीए आधीच शोधून मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

मग गाडी का अडली होती? दोन साध्या कारणांनी. बॅटरीची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते, तो बोल्ट गंजला होता. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर लावलं आणि सेल्फ मारला, तर ०.९ व्होल्ट दिसले. ०.२च्या वर गेलं की अर्थिंगमध्ये, म्हणजे काळ्या वायरच्या जोडात, अडथळा आहे असं समजायचं. दुसरं कारण डॅशकॅम. तो फ्यूजबॉक्समधून थेट जोडलेला होता आणि गाडी बंद असतानाही २५० मिलिअँपिअर ओढत होता. गाडी लॉक करून अर्ध्या-पाऊण तासाने, सगळी यंत्रणा झोपल्यावर, ही गळती ५० मिलिअँपिअरच्या आत हवी. २५० म्हणजे भरलेली ३५ एएचची बॅटरी १४० तासांत, सहा दिवसांच्या आत, रिकामी. गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर पडणारी, तीही कॉलेज रोडपर्यंत. एवढ्याशा फेरीत डायनामो काय भरून काढणार? घरी आलेल्यांनी यातलं एकही तपासलं नाही. भरलेली बॅटरी बसवल्यावर गंजलेल्या बोल्टमधूनही सेल्फ फिरतो, म्हणून त्या दिवशी ‘काम झालं’ असं वाटलं.

बसवलेली ‘नवी’ बॅटरी रिकंडिशन होती. जुन्या बॅटरीतलं ॲसिड ओतून टाकतात, आत साचलेला गाळ धुतात, ताजं ॲसिड भरतात, रात्रभर चार्ज करतात आणि वर नवं लेबल चिकटवतात. ती १२.८ व्होल्टही दाखवते, कारण व्होल्टेज ॲसिडच्या तीव्रतेवर ठरतं, प्लेटांवरचा वीज साठवणारा मसाला किती उरलाय यावर नाही. मसाला झडलेला असल्याने काही आठवड्यांत ती बसते. ओळखायची कशी, तर खुंटांकडे बघा. कोऱ्या बॅटरीचे खुंट एकसारखे राखाडी असतात, त्यांवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. या बॅटरीच्या खुंटांवर कानस मारल्याच्या चकचकीत रेघा होत्या आणि खाली जुन्या क्लॅम्पची गोल खूण राहिली होती. लेबलाचा कोपरा नखाने उचलला तर खाली दुसऱ्या लेबलाचा डिंक. ॲसिडच्या बुचांवर स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे. तारखेचा कोड खरवडलेला.

जुन्या बॅटरीचं नुकसान वेगळंच. ३५ एएचची बॅटरी नऊ-दहा किलोची भरते, त्यात निम्म्याहून जास्त शिसं. भंगारातही तिला वजनावर पैसे मिळतात, म्हणूनच बिलात बायबॅकची, म्हणजे जुनी बॅटरी परत घेतल्याची, रक्कम वजा झालेली दिसली पाहिजे. इथे तर चांगली चालणारी बॅटरी फुकट गेली.

बदलायची वेळ खरोखर कधी येते, हे घरबसल्या ठरवता येतं. नाशिकची थंडी बॅटरी मारत नाही, एप्रिल-मेचं ऊन मारतं. थंडीत फक्त ते उघडं पडतं. म्हणून तिसऱ्या वर्षानंतर दर पावसाळ्याच्या शेवटी तपासा. ३५ एएचची बॅटरी सुमारे ३.५ अँपिअरवर दहा-बारा तास चार्ज करा, खोलीत हवा खेळती ठेवा. मग वायर काढून रात्रभर ठेवा. सकाळी १२.५च्या वर असेल तर ठीक. १२.४च्या खाली उतरली असेल तर तिचे दिवस भरले. १०.५च्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल मेला, त्या बॅटरीवर एक रुपयाही घालवू नका. चार्ज टिकला तर गाडीत लावून सेल्फ मारताना मोजा. ९.६च्या खाली जायला नको. बुचं उघडता येत असतील तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा: भरलेल्या सेलमध्ये १.२६० ते १.२८० हवं, आणि दोन सेलमध्ये ०.०५०चा फरक दिसला तर कमी दाखवणारा सेल गेला. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, ॲसिड कधीच नाही. पेटी फुगली असेल किंवा चार्जिंगला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तपासत बसू नका, बदला.

पण त्याही आधी दहाचा पाना घेऊन आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह सोडवा. पांढरा-निळा थर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा. लावताना पॉझिटिव्ह आधी, मग निगेटिव्ह, आणि वरून व्हॅसलीन. कित्येक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यावर उठतात.

नवी घेताना बसवण्याआधी स्वतः मीटर लावा, १२.५च्या खाली असेल तर परत द्या. उत्पादनाला तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त झालेली नको. ‘४८ महिने वॉरंटी’ ऐकून भुलू नका. त्यात पहिले २४ महिने फुकट बदली आणि पुढचे २४ एमआरपीवर घटती सूट, अशी विभागणी असते. एमआरपी बाजारभावापेक्षा चढी असल्याने शेवटच्या महिन्यांत ती सूट नावापुरती उरते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाडीला ईएफबी किंवा एजीएम या जास्त दणकट प्रकारांतलीच बॅटरी लागते. ईएफबीचे पैसे घेऊन साधी बसवणारेही आहेत, तेव्हा पेटीवरची अक्षरं वाचा. ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ या बोलण्याला होकार देऊ नका. २२ सप्टेंबर २०२५पासून बॅटरीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला आहे, आणि तेवढे पैसे वाचवायच्या नादात सीरियल नंबर असलेलं बिल गेलं की वॉरंटीही गेली.

फसवणूक झालीच असेल तर बॅटरी भंगारात देऊ नका, तीच पुरावा आहे. खुंट, लेबल, कोड यांचे फोटो, पैसे दिल्याची यूपीआय नोंद आणि ती लेटरपॅडवरची पावती एकत्र ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही.