घरातल्या कॉम्प्युटरमध्ये फाइली: शेअर्ड फोल्डर, सिंकथिंग की सरळ पाठवणं?

फाइल एकाच जागी ठेवून सगळ्यांनी तिथूनच उघडायची, की प्रत्येक मशीनवर तिची प्रत हवी? हे आधी ठरवा. निम्मा घोळ तिथेच मिटतो.

एकाच जागी ठेवायची तर विंडोजचं शेअर्ड फोल्डर. वेगळं काही इन्स्टॉल करायला नको, मॅक आणि लिनक्सवरूनही एसएमबीने (नेटवर्कवर फाइली शेअर करायच्या पद्धतीने) ते उघडतं, मोठे व्हिडिओ कॉपी न करता बघता येतात. पण पहिल्यांदा जोडताना माणूस वैतागतो. नेटवर्क 'पब्लिक'वर असेल तर दुसरं मशीन सहसा दिसतच नाही. ते 'प्रायव्हेट' करा. मग युजरनेम-पासवर्डची चौकट येते आणि तिथे लोक रोजचा पिन टाकतात. पिन त्या एका मशीनपुरताच असतो, इथे खात्याचा पासवर्ड लागतो. तोही बरोबर असून परवानगी नाकारली गेली, तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' असे दोन्ही टॅब तपासा. दोन्हीकडच्या परवानग्यांपैकी जी कडक, ती चालते.

होमग्रुपवरचे जुने लेख वाचत बसू नका, ती घरगुती शेअरिंगची सोय विंडोज १० मधून २०१८ मध्येच गेली. कुणी एसएमबी१, म्हणजे एसएमबीची जुनी आवृत्ती, चालू करायला सुचवलं तर साफ नकार द्या. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो त्याच्यातल्याच भगदाडातून. जुना टीव्ही त्याशिवाय ऐकत नसेल, तर त्याला पेनड्राइव्ह लावा.

शेअर्ड फोल्डरची खरी अडचण वेगळीच. ज्या मशीनवर ते आहे, ते स्लीपमध्ये गेलं की सगळ्यांचं काम अडतं. लॅपटॉपवर शेअर केलं असेल तर हे रोजचंच.

तिथे सिंकथिंग सरस: हे सॉफ्टवेअर प्रत्येक मशीनवर फोल्डरची प्रत ठेवतं आणि त्या प्रती जुळवत राहतं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, फाइली तिसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर साठत नाहीत. लॅपटॉप बाहेर नेला तरी प्रत हाताशी असते. दोन्ही मशीन पुन्हा एकदम चालू झाली की बदल पोचतात. दोघांनी एकच फाइल बदलली असेल तर नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असलेली जादा प्रत तयार होते, ती निस्तरायचं काम तुमचं. मात्र याला बॅकअप समजू नका: इकडे डिलीट केलं की तिकडूनही जातं. 'फाइल व्हर्जनिंग', म्हणजे जुन्या प्रती राखून ठेवणं, मूळ सेटिंगमध्ये बंद असतं, ते पहिल्याच दिवशी चालू करा.

अधूनमधून चार फोटो पाठवायचे असतील तर एवढा खटाटोप कशाला? एकाच नेटवर्कवर सरळ फाइल पाठवणारं लोकलसेंड ॲप पुरे, फोनवरही चालतं. गेस्ट वाय-फायवर मात्र मशीन एकमेकांना बहुधा सापडत नाहीत.

नॅस म्हणजे फाइली ठेवण्यासाठी नेटवर्कला जोडलेली, सतत चालू राहणारी वेगळी पेटी. मशीन बरीच असतील तरच तो खर्च करा.

दोन लॅपटॉप असतील तर मी डोळे झाकून सिंकथिंग घेईन. दिवसभर चालू राहणारा डेस्कटॉप असेल तर शेअर्ड फोल्डर. वेग कमी वाटला तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी लॅनची वायर लावून बघा. गिगाबिट वायरवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे ४० जीबी सहा-सात मिनिटांत.