डीपीवर प्रबंध : हाबरमास घ्यावा की फुको?

शहरातली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या विकास आराखड्यावर (म्हणजे डीपीवर) प्रबंध करायचा म्हटलं की मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सैद्धांतिक चौकट कोणती? बहुतेकांची गाडी जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास आणि फ्रेंच विचारवंत फुको या दोघांपाशी अडते.

दबावाशिवाय झालेल्या चर्चेतून निघेल तोच निर्णय ग्राह्य, हे हाबरमासचं सूत्र. नियोजनाचे अमेरिकन अभ्यासक जॉन फॉरेस्टर यांनी त्यातून नियोजनकाराला लावायचे चार प्रश्न काढले : तो बोलतो ते कळतं का, खरं आहे का, तसं बोलायचा त्याला अधिकार आहे का, आणि तो प्रामाणिकपणे बोलतोय का? आपल्या 1966 च्या नगररचना कायद्यातली हरकती-सूचनांची सुनावणी या चौकटीत चपखल बसते. हरकतदाराला नकाशा वाचता आला का, ‘आमच्या गटावरचं आरक्षण उठवा’ (म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली आमची जमीन मोकळी करा) या अर्जाला कारणासह उत्तर मिळालं का, हे थेट तपासता येतं. पण अंतिम मंजुरी कलम 31 खाली राज्य सरकार देतं. तिथे होणारे फेरबदल कोणी सुचवले, यावर हाबरमास गप्प.

फुको तिथूनच सुरू होतो. सत्ता आदेशात असते तशी नोंदींमध्येही असते. कोळीवाड्यातली मासळी वाळवायची जागा सर्वेक्षणात ‘मोकळी जमीन’ म्हणून लिहिली गेली, की सुनावणीआधीच अर्धा निकाल लागलेला असतो! नियोजनाचे डॅनिश अभ्यासक बेंट फ्लुब्यर्ग यांनी डेन्मार्कमधल्या ऑलबॉर्गचा अभ्यास याच नजरेने केला. शहराच्या मध्यात मोटारी कमी करण्याची योजना व्यापारी संघटनेच्या वजनाखाली कशी वाकत गेली, ते त्यांनी कागदोपत्री दाखवलं.

मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा एप्रिल 2015 मध्ये सरकारने गुंडाळायला लावला. हाबरमासवाल्याला त्यात लोकांचा आवाज दिसेल. फुकोवाला विचारेल, कोणाचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचला? मला दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो.

तरी निवड हाताशी काय आहे त्यावर करा. फुकोला फायलींवरच्या टिपण्या लागतात, म्हणजे माहिती अधिकाराचे अर्ज, अपिलं आणि भरपूर वेळ. एकच सत्र हातात असेल तर सुनावणीला बसा आणि हाबरमास घ्या. उद्यानं-मैदानं कोणत्या वॉर्डाच्या वाट्याला किती आली एवढंच बघायचं असेल, तर दोघांनाही सोडा, न्याय्य वाटपाचा विचार मांडणारे तत्त्वज्ञ जॉन रॉल्स पुरे.

दोघांना एकत्र मात्र बांधू नका. एकाचा सहमतीवर भरवसा, दुसऱ्याला तिचाच संशय. तोंडी परीक्षेत नेमकं तिथेच पकडतात.