मांसाचं ताट की हुमण-भात?

भात-पाव सोडून मटण, चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज), अंडी, लोणी यांवर राहिलं की वजन उतरतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) घटतात, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) थोडं वाढतं. हे खरंच आहे. पण संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) कमी उचलतं. काहींचं ते १९० मिग्रॅ/डेसीलिटरच्याही पुढे जातं आणि वर्षानुवर्षं धमन्यांच्या भिंतीत साचत राहतं. सडपातळ माणूसही यातून सुटत नाही, हे फोंड्यातल्या माझ्या मित्रांना पटवताना जीव मेटाकुटीला येतो.

हुमणात, म्हणजे गोव्याच्या खोबरं घातलेल्या माशाच्या आमटीत, बांगडा-तारलीचं ओमेगा-३ (हृदयाला चांगली चरबी), जोडीला तांबडी भाजी, अळसांद्यांतला (चवळीतला) चोथा. पण खोबऱ्याची चरबीही संपृक्तच, आणि भाताचा डोंगर मधुमेह्याला नडतो.

माझा कौल हुमणाला, भात निम्मा करून. मांसाचंच ताट हवं असेल, तर आधी आणि तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) कराच.