ओव्हलची पाचवी सकाळ आणि चार दिवसांचे पॅकेज

भारतीय संघाच्या २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यातील शेवटची कसोटी लंडनच्या ओव्हल मैदानावर पाहण्यासाठी आम्ही एका सहल कंपनीबरोबर नऊ दिवसांच्या क्रिकेट सहलीला गेलो होतो. माणशी साधारण साडेतीन लाख रुपये खर्च आला आणि व्हिसाचा खर्च त्याहून वेगळा होता. कंपनीचे नाव मी येथे देत नाही. ज्या त्रुटीबद्दल मला लिहायचे आहे ती केवळ या एका कंपनीपुरती नाही, कारण परत आल्यावर मी आणखी काही कंपन्यांची माहितीपत्रके मागवून पाहिली आणि त्यांतही तीच आढळली. कसोटी सामना पाच दिवसांचा असतो आणि या सहलीत तिकिटे मात्र चारच दिवसांची होती.

आधी जे चांगले होते ते सांगतो. आमच्या गटात सव्वीस जण होते आणि त्यांतले बरेचसे साठीच्या पुढचे होते. सहल व्यवस्थापक तिशीतला मुलगा होता, पण ज्येष्ठांची काळजी कशी घ्यावी हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या पिशवीत आहेत हेसुद्धा त्याला ठाऊक असे. हॉटेल हाउन्स्लोच्या बाजूला, म्हणजे विमानतळाजवळ होते. खोल्या लहान असल्या तरी स्वच्छ होत्या. सकाळी उपमा किंवा पोहे आणि चहा, रात्री जवळच्या भारतीय उपाहारगृहात साधे वरण-भात-भाजीचे जेवण, यात नऊ दिवसांत एकदाही खंड पडला नाही.

मैदानावरचा डबा हा एक स्वतंत्र आनंद होता. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर पाण्याची बाटलीही आत नेऊ देत नाहीत. ओव्हलवर प्रेक्षक घरचे खाणे घेऊन येतात आणि उपाहाराची वेळ झाली की शेजारीपाजारी बसून ते खातात. सोलापूरच्या एका काकूंनी धपाटे आणि शेंगांची चटणी आणली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या पुढच्या रांगेतल्या एका इंग्रज आजोबांनी ती चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आले तरी पुन्हा मागितली आणि नंतरचा तासभर ते काकूंना जो रूटच्या फलंदाजीतले बारकावे समजावून सांगत होते.

येण्या-जाण्याची व्यवस्था मात्र निकृष्ट होती. हाउन्स्लोहून रोज बस निघत असे, आणि पहिल्या दिवशी ती रहदारीत अशी अडकली की आम्ही जागेवर बसलो तेव्हा यशस्वी जयस्वाल दोन धावा करून तंबूत परतलेला होता. मैदानाजवळ मोठ्या बसला थांबू देत नसल्यामुळे उतरल्यावरही वीस मिनिटे चालावे लागले, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी ते सोपे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही काही जण पिकॅडिली लाइनने ग्रीन पार्क आणि तेथून व्हिक्टोरिया लाइनने व्हॉक्सहॉल असे भुयारी रेल्वेने जाऊ लागलो. व्हॉक्सहॉलहून मैदान चालत जवळ आहे, आणि चालता चालता जुन्या गॅसटाकीचा गोल लोखंडी सांगाडा दिसला की आपण आलो हे कळते. इतकी वर्षे दूरचित्रवाणीवर पाहिलेला तो सांगाडा प्रत्यक्षात पाहताना मी काही क्षण रस्त्यातच थांबलो होतो.

आता मुख्य मुद्दा. कार्यक्रमपत्रिकेत ३१ जुलै ते ३ ऑगस्ट या चार दिवसांपुढे ‘कसोटी सामना’ असे छापले होते आणि सोमवार, ४ ऑगस्टपुढे ‘लंडन स्थलदर्शन’. नोंदणी करतानाच मी याबद्दल विचारले होते. तेव्हा मिळालेले उत्तर असे की, हल्ली कसोटी सामने चार दिवसांत संपतात आणि पाचव्या दिवसाची तिकिटे घेतली तर ग्राहकांचे पैसे वाया जातात. ऐकताना ते पटण्यासारखे वाटते. परंतु आम्ही विमानात बसलो तोपर्यंत याच मालिकेतले लीड्स, एजबॅस्टन, लॉर्ड्स आणि मँचेस्टर येथील चारही सामने पाचव्या दिवसापर्यंत गेलेले होते. इंग्लंडने लीड्सला ३७१ धावांचा पाठलाग पूर्ण केला तो पाचव्या दिवशी. लॉर्ड्सवर १९३ धावांचे लक्ष्य असताना रवींद्र जडेजा ६१ धावांवर नाबाद उभा राहिला आणि शेवटचा फलंदाज मोहम्मद सिराज याच्या बॅटला लागलेला चेंडू घरंगळत यष्टींवर गेला, तोही पाचवाच दिवस होता. मँचेस्टरला जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी शतके ठोकून सामना वाचवला तोही पाचव्याच दिवशी. इतका स्पष्ट पुरावा समोर असताना कंपनीने कार्यक्रमात बदल केला नाही, ही माझी पहिली तक्रार आहे.

दुसरी तक्रार अधिक खोलवरची आहे. ओव्हलवर मराठी माणसाने ज्या ज्या गोष्टी हृदयाशी धरून ठेवल्या आहेत, त्या सगळ्या शेवटच्या दिवसाच्या आहेत. २४ ऑगस्ट १९७१ रोजी अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि सांगलीच्या आमच्या वाड्यात त्याच दिवशी गणपती बसला होता. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला होता आणि भारतासमोर १७३ धावांचे लक्ष्य होते. शेवटच्या दिवशी सकाळी वाडेकर आदल्या दिवसाच्या धावसंख्येत भर पडायच्या आत ४५ धावांवर धावचीत झाले. मडगावचे दिलीप सरदेसाई आणि विश्वनाथ यांनी मग डाव सावरून धरला. गणेश चतुर्थी म्हणून तिकडे चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती, हे आम्हांला नंतर वर्तमानपत्रातून कळले. आमच्याकडे संध्याकाळच्या आरतीला वडील रेडिओपाशीच उभे होते आणि त्या दिवशी त्यांना कोणीही काही बोलले नाही.

पुढे १९७९ साली, ४ सप्टेंबरला, याच मैदानावर सुनील गावसकरांनी २२१ धावा केल्या. ४३८ धावांच्या लक्ष्यापैकी चौथ्या दिवसअखेर ७६ झाल्या होत्या, उरलेल्या सगळ्या पाचव्या दिवशी करायच्या होत्या. पुण्यात वाढलेल्या चेतन चौहानने ८० धावा करून त्यांना २१३ धावांच्या सलामीची साथ दिली आणि शेवटी ८ बाद ४२९ वर, विजयाला अवघ्या नऊ धावा कमी असताना, सामना अनिर्णित राहिला. ओव्हलची सहल आखणाऱ्या मराठी कंपनीला हे दोन दिवस माहीत नसतील असे मी मानायला तयार नाही. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर वाडेकर आणि गावसकर यांचा नामोल्लेखही होता.

आता रविवारच्या, म्हणजे चौथ्या दिवसाच्या संध्याकाळकडे येतो. ३७४ धावांचे लक्ष्य घेऊन इंग्लंड खेळत होते. हॅरी ब्रूक १९ धावांवर असताना प्रसिध कृष्णाच्या गोलंदाजीवर त्याने उंच फटका मारला आणि सिराजने तो आमच्या बाजूच्या सीमारेषेवर झेलला. प्रसिधने हात वर केले, आमचा अख्खा गट उभा राहिला, आणि त्याच क्षणी सिराजचा पाय मागे सीमेच्या दोरीवर पडला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. मी तेथून फार लांब नव्हतो. त्या माणसाच्या खांद्यांवर त्या वेळी जे ओझे दिसले ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसत नाही. ब्रूकने अखेर एकूण १११ धावा केल्या, रूटने १०५. सामना हातातून गेला असे वाटत असतानाच ब्रूक बाद झाला, चहापानानंतर बेथेल आणि रूट पाठोपाठ गेले, आणि ६ बाद ३३९ वर अंधूक प्रकाश आणि मग पाऊस यांमुळे खेळ थांबला. इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या आणि भारताला चार बळी.

बसमध्ये बसल्यावर व्यवस्थापकाने नेहमीच्या पद्धतीने उद्याचा कार्यक्रम सांगितला: नऊ वाजता नाश्ता करून तयार राहायचे, वेस्टमिन्स्टर, टॉवर ब्रिज, मग खरेदी. बसमध्ये क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग सोलापूरचे काका, ज्यांनी तरुणपणी क्लब क्रिकेट खेळले होते आणि गावसकरांच्या त्या २२१ धावा रात्री अकरापर्यंत रेडिओवर ऐकल्या होत्या, म्हणाले, “अरे बाळा, टॉवर ब्रिज पुढच्या वर्षीही तिथंच असेल. उद्याचं तिकीट बघ की कुठं मिळतंय का.” त्या मुलाने रात्री साडेअकरापर्यंत फोन केले, हे मी स्वतः पाहिले आहे. तिकिटे मिळाली नाहीत. आपल्या कार्यालयाने केलेल्या नियोजनाची शरम त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती आणि ती त्याने भोगायला नको होती.

माझ्याकडे सोमवारचे तिकीट होते ते केवळ माझे मेव्हणे रेडिंगला राहतात म्हणून. त्यांनी कित्येक महिने आधी आम्हां दोघांची पाचव्या दिवसाची तिकिटे काढून ठेवली होती. म्हणजे या सामन्याचा जो भाग पाहण्यासाठी जन्मभर वाट पाहावी, तो मला कंपनीच्या सेवेबाहेर जाऊन पाहावा लागला.

ती सकाळ एका तासाहूनही कमी चालली. खेळ सुरू होताच ओव्हर्टनने पहिल्या दोन्ही चेंडूंवर चौकार मारले आणि माझ्या पोटात गोळा आला. मग सिराजने जेमी स्मिथला यष्टींमागे झेलबाद केले, ओव्हर्टनला पायचीत केले, आणि प्रसिधने टंगचा त्रिफळा उडवला. नववा बळी पडल्यावर पायऱ्यांवरून ख्रिस वोक्स उतरला. पहिल्या दिवशी क्षेत्ररक्षण करताना खांदा निखळलेला, डावा हात गळ्यातल्या झोळीसह स्वेटरच्या आत, आणि उजव्या हातात बॅट. अख्खे मैदान उभे राहिले. माझ्या शेजारी निळा शर्ट घातलेला एक पंजाबी मुलगा, जो तोपर्यंत घसा फाटेस्तोवर ओरडत होता, त्याने तोंडातली शिट्टी काढली आणि टाळ्या वाजवायला लागला. वोक्सला एकही चेंडू खेळावा लागला नाही. ॲटकिन्सनने एक फटका उंच मारला आणि तो सीमेवरच्या आकाश दीपच्या हातांना लागून षटकार गेला. पुढे षटकाच्या शेवटच्या चेंडूवर ते दोघे बायची, म्हणजे चेंडू बॅटला न लागताच मिळणारी, धाव घ्यायला पळाले, ध्रुव जुरेलची फेक यष्टींना लागली नाही, आणि वोक्स दुखरा हात सावरत कसाबसा दुसऱ्या टोकाला पोहोचला. धाव पूर्ण झाल्यावर त्याने वेदनेने चेहरा आवळला होता. मग सिराजचा यॉर्कर आला, ॲटकिन्सनची यष्टी उडाली, आणि भारत सहा धावांनी जिंकला. कसोटीत धावांच्या हिशेबाने भारताचा हा सर्वांत निसटता विजय आहे. आदल्या दिवशी दोरीवर पाय पडलेल्या माणसानेच पाच बळी घेऊन मालिका २-२ अशी बरोबरीत आणून ठेवली.

मेव्हण्यांना आणि मला दोघांनाही बराच वेळ बोलता आले नाही. रात्री हॉटेलवर परतलो तेव्हा सोलापूरचे काका खाली दिवाणखान्यात बसले होते. सामना संपला त्या वेळी गटातले लोक टॉवर ब्रिजच्या अलीकडे रहदारीत अडकले होते आणि शेवटचा बळी त्यांना एका मुलीच्या मोबाइलवर आकड्यांतून कळला. काकांनी मला प्रत्येक चेंडू क्रमाने सांगायला लावला. वोक्सने बॅट कोणत्या हातात धरली होती, हे त्यांनी दोनदा विचारले.

म्हणून जे कोणी अशा सहलीची नोंदणी करणार आहेत त्यांना कळकळीने सांगतो की, हॉटेल, जेवण आणि विमान कंपनी यांच्याबद्दल विचारण्याआधी पाचव्या दिवसाच्या तिकिटाबद्दल विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सामना लवकर संपला तर त्या तिकिटाचे काय होते, पावसाने खेळ वाया गेला तर मैदानाकडून मिळणारा परतावा कंपनी तुम्हांला देते की स्वतःकडे ठेवते, हेही विचारून घ्या. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. कंपनीला स्थलदर्शनच हवे असेल तर त्यासाठी सामन्याआधीचे दोन दिवस होते, आणि त्या दोन दिवशी आम्ही बहुतांश वेळ हॉटेलातच होतो.

जेवण, निवास आणि व्यवस्थापकाची आपुलकी यांसाठी मी पाचपैकी चार गुण देईन. क्रिकेट सहल म्हणून मात्र दोनहून अधिक देता येत नाहीत. कंपनीला मी सविस्तर पत्र लिहिले. त्यांनी नम्रपणे दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्या सहलीवर सवलत देऊ केली. पत्रासोबत पुढच्या परदेश दौऱ्याचे माहितीपत्रकही होते. त्यातला कसोटीचा आठवडा मी आधी उघडून पाहिला. पहिल्या चार दिवसांपुढे ‘कसोटी सामना’ असे छापलेले आहे आणि पाचव्यापुढे ‘स्थलदर्शन व खरेदी’. तो रकाना पेन्सिलीने गोल करून मी माहितीपत्रक त्यांना परत पाठवले आहे.