एरर आली तर विचारायचं कुठे, स्टॅक ओव्हरफ्लो की डिस्कॉर्ड?

कर्वेनगरला अभ्यासिकेत माझ्या शेजारी एक सेकंड इयरचा पोरगा बसतो, परवा विचारत होता, ताई कोड अडकला की नक्की कुठे टाकू? म्हटलं दोन्हीकडे बोलणी खाऊन झालीयत माझी, सांगते.

स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट २००८ पासून चालू आहे, त्यामुळे आपला प्रश्न आधी कोणीतरी विचारलेला असतोच, आणि तसा निघाला की डुप्लिकेट म्हणून बंद करतात. तोंड पाडून बसायचं नाही, वर जुन्या प्रश्नाची लिंक असते ती उघडायची. 'हॅलो, मी नवीन आहे, प्लीज हेल्प' वगैरे तिथे कोणीतरी एडिट करून काढून टाकतं. त्यांना हवा असतो छोटासा कोड, जो त्यांनी रन केला तर त्यांच्याकडेही तसाच फुटेल. आणि 'मलापण सेम प्रॉब्लेम' हे उत्तराच्या जागी टाकलंस तर उडालंच समज.

डिस्कॉर्ड हे ग्रुपमध्ये चॅट करायचं अ‍ॅप, तिथे गप्पांचं वातावरण, उलटसुलट विचारता येतं, पण लोक 'पायथन येतं का कोणाला?' एवढंच टाकून वाट बघत बसतात. अरे प्रश्न टाक ना सरळ! मदत करणाऱ्याला पर्सनल मेसेज टाकत सुटायचं नाही. कोडच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक (`) टाकायचे, नाहीतर पायथनच्या __init__ मधले आजूबाजूचे अंडरस्कोअर गायब होतात आणि समोरचा भलतीच चूक शोधत बसतो.

माझंच सांगते, पांडाजमध्ये (पायथनची टेबलं हाताळायची लायब्ररी) की-एरर येत होती, म्हणजे मागितलेला कॉलम सापडत नव्हता, मी मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून टाकला, त्यात ट्यूबलाइटसुद्धा आली. एकाने लिहिलं, 'फोटो नको, कॉलमच्या नावांची लिस्ट प्रिंट करून टेक्स्ट टाक.' राग आला, पण टाकलं, आणि दिसलं की डेटाच्या सीएसव्ही फाइलमध्ये 'मार्क्स' या कॉलमच्या नावाला एक स्पेस चिकटलेली होती, लिस्टमध्ये ती अवतरणचिन्हाच्या आत दिसली. फोटोत ती जन्मात दिसली नसती.

तर उद्या सबमिशन असेल आणि नेमकं काय बिघडलंय हेच कळत नसेल तर डिस्कॉर्ड. पण तिथलं उत्तर दोन दिवसांत वर सरकून जातं, नंतर शोधायला त्रास होतो. हाताशी तासभर असेल तर मी स्टॅक ओव्हरफ्लोच म्हणेन, कारण तिथल्यासाठी कोड छाटता छाटता माझे निम्मे प्रश्न सुटले, पोस्ट करावेच लागले नाहीत. फक्त एकाच वेळी दोन्हीकडे टाकू नकोस, आणि टाकलंसच तर एकीकडे सुटल्यावर दुसरीकडे कळव, तिकडे कोणीतरी तुझ्यासाठी अजून डोकं खपवत बसलेलं असतं.