लाउडनेसचं बटण आणि चारशे वॅटची थाप

सांगली-मिरजेत कुणी स्वस्तातला स्टिरिओ ॲम्प्लिफायर शोधत असेल, त्यातही रात्री हळू आवाजात ऐकण्यासाठी, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. माझे ६,५०० रुपये गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय असल्या पेट्या एकाच दुकानात मिळतात असंही नाही.

मुलगी बारावीला. त्यामुळे माझं गाणं रात्री दहानंतर, शेजारच्या खोलीत कळणारही नाही एवढ्या आवाजात. अडचण अशी की आवाज उतरवला की तानपुऱ्याचा खर्ज सगळ्यात आधी गायब होतो. दोष यंत्राचा नाही, कानाचा. आवाज जितका हळू, तितके खालचे सूर कानाला जास्तच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलंय. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’चं बटण असायचं ते यासाठीच, हळू आवाजात ते खर्ज उचलून देतं. मला तेच हवंय, हे मी दुकानदाराला पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्यानं नेमकं तेवढंच धरलं.

काढून दाखवलेली पेटी काळी, हाताला जड. समोर ‘२००+२०० वॅट’ आणि लाउडनेसचं बटण. दाबलं की निळा दिवा लागायचा. ऐकवायला त्यानं ढोल-ताशा लावला, तोही दणक्यात. हळू करा म्हटलं तर म्हणाला, “दादा, हळू आवाजात काय, कुठलंबी वाजतंय. मशीनचा दम मोठ्या आवाजात कळतोय.” बाहेर हॉर्न, डोक्यावर पंखा, त्यात ढोल. हळू आवाजातला एकही दोष अशा ठिकाणी सापडत नाही, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरी रात्री लावलं आणि तानपुऱ्याखाली घुंईऽ सुरू. ही वीजपुरवठ्याची घरघर, साधारण १०० हर्ट्झची. तानपुरा काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात; त्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झ. म्हणजे ही घरघर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्ये कुठेतरी बसते. सुरात तरी असती! वर तबला आणि सारंगी, जे माझ्या रेकॉर्डिंगमध्ये दोन बाजूंना आहेत, ते मधोमध एकमेकांवर चढलेले. लाउडनेस दाबलं तर दिवा लागला. बाकी काही नाही.

मिरजेत तंतुवाद्यांना पिकअप बसवून देणारे एक ओळखीचे कारागीर आहेत, त्यांनी झाकण काढलं आणि हसायलाच लागले. तळाला लोखंडी पट्टी चिकटवलेली, निव्वळ वजनासाठी. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, एक ॲम्पियरचा. २४ व्होल्ट गुणिले एक ॲम्पियर, म्हणजे जेमतेम २४ वॅटचा माल. त्यातून ४०० कुठून निघणार? आवाज वाढवणाऱ्या चिपवरचा, म्हणजे आयसीवरचा, नंबर घासून काढलेला. डाव्या-उजव्या इनपुटच्या वायरी एकत्र पिळून एकाच सर्किटला दिलेल्या, म्हणजे स्टिरिओ हे नावच खोटं. आणि लाउडनेसच्या बटणातून निघालेल्या दोन वायरी थेट त्या निळ्या दिव्याला.

परत द्यायला गेलो तर, “चालू आहे की! बंद पडलं असतं तर बदलून दिलं असतं.” बिल म्हणून त्यानं दिली होती ती साधी चिठ्ठी, वर फक्त ‘ॲम्प. १ नग’. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा. पैसे यूपीआयनं दिले होते, म्हणून व्यवहाराचा पुरावा तरी हातात राहिला.

खरं तर हळू ऐकायला वॅट लागतातच किती? साधा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. रात्री ६० सुद्धा भरपूर होतात, आणि तेवढं, म्हणजे जवळजवळ ३० डेसिबल, खाली यायचं म्हणजे साधारण वॅटचा हजारावा भाग. दहा-पंधरा वॅट, पण आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे खरे वॅट, पुरून उरतात. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, आकडा कितीही फुगवता येतो, तो ऐकूच नका.

दुकानात जाताना घरचे स्पीकर आणि कानात बसलेलं एखादं रेकॉर्डिंग न्या. काहीच न वाजवता स्पीकरला कान लावा. घरघर आली तर तिथंच नमस्कार करा. मग नॉब अगदी जेमतेम उघडा. स्वस्त व्हॉल्यूम कंट्रोल सुरुवातीलाच एका बाजूला जास्त आवाज सोडतो, गाणं कलतं, आणि आपलं ऐकणं तर तेवढ्याच टप्प्यात असतं. फोनच्या सेटिंगमध्ये बॅलन्स पूर्ण डावीकडे सरकवा; उजवा स्पीकर तरीही बोलला तर पेटी मोनो आहे, दोन्हीकडे एकच आवाज. लाउडनेस मात्र हळू आवाजातच चालू-बंद करून बघा. आणि दुकानदार आवाज वाढवायला लागला तर नॉबवरचा त्याचा हात बाजूला करा.

मी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यावर दुकानदार निम्मे पैसे द्यायला तयार झाला. ते नाकारून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही. पेटी झाकण उघडलेलीच ठेवली आहे, पट्टीसकट.