जुनी रेकॉर्ड: दुकानातून की ऑनलाइन?

रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल घरी आला, जोडून झाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: रेकॉर्ड्स मागवायच्या की दुकानात जाऊन घ्यायच्या? मी दोन्हीकडून बऱ्याच घेतल्या आहेत. नव्या, सीलबंद एलपीबद्दल माझा काही आग्रह नाही, जिथे सोयीची पडेल तिथून घ्या. खरा पेच वापरलेल्या रेकॉर्डचा आहे.

एखादी ठरावीक प्रत हवी असेल तर ऑनलाइनला तोड नाही. डिस्कॉग्ज ही रेकॉर्ड्सच्या नोंदींची आणि खरेदी-विक्रीची वेबसाइट. ती २००० साली सुरू झाली आणि तेव्हापासून हौशी लोकांनी तिथे नोंदींचा डोंगर उभा केला. एकाच अल्बमची कोणती आवृत्ती कोणत्या देशात, कोणत्या साली निघाली, तिच्या लेबलचा रंग कोणता, शेवटच्या गाण्यानंतरच्या कोऱ्या पट्ट्यावर कोणता मॅट्रिक्स नंबर (प्रत कोणत्या साच्यातून निघाली ते सांगणारा) कोरलाय, सगळं सापडतं. आधीची प्रत कितीला गेली तेही दिसतं, त्यामुळे भावात फसगत होत नाही. एका अल्बमची पहिली आवृत्ती मी चार वर्षं दुकानांतून शोधत होतो. ऑनलाइन ती एका संध्याकाळी मिळाली.

आणि माझं मन फिरलं तेही त्याच रेकॉर्डमुळे.

विक्रेत्याने प्रतीपुढे ‘व्हीजी प्लस’ लिहिलं होतं, म्हणजे ‘व्हेरी गुड प्लस’, वापरलेल्या रेकॉर्डसाठी बरीच वरची प्रतवारी. फोटोत तबकडी काळीभोर, चकचकीत. घरी आल्यावर पहिली बाजू छान वाजली. दुसऱ्या बाजूला एक जागा आहे, तिथे सगळी वाद्यं थांबतात आणि नुसता गळा उरतो. नेमकं तिथे ‘टक्’. मग पुन्हा ‘टक्’. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद, आणि बरोबर तेवढ्याच अंतराने तो आवाज येत राहिला. माझं लक्ष गाण्यावरून उडालं, कान पुढच्या ‘टक्’ची वाट बघत बसले. धूळ असेल म्हणून तबकडी धुतली, वाळवली, पुन्हा लावली. टक् जागच्या जागी. दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा केसाएवढा चरा दिसला, त्यावरून नख फिरवलं तर अडकलं.

विक्रेत्याचं उत्तर सभ्य होतं: प्रतवारी बघून ठरवली आहे, ऐकून नाही, हवं तर परत पाठवा. ते खोटंही नव्हतं. विकायच्या प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही बाजू कोण ऐकत बसणार? पण मला खटकलं ते इथेच. अख्ख्या तबकडीला दोन शब्दांची प्रतवारी मिळते आणि दोष असतो एका गाण्यातल्या दहा सेकंदांत. परत पाठवायची म्हणजे पुन्हा पुठ्ठे, चिकटपट्टी, टपालखर्च, आणि वाटेत कव्हरची शिवण फाटली तर नवा वाद. मी ती ठेवून घेतली. ती बाजू मात्र क्वचितच लावतो.

दुकानात ही सगळी तपासणी पैसे देण्याआधी होते. आतल्या पाकिटातून तबकडी अलगद सरकवायची, कड तळव्यावर, बोटांची टोकं लेबलवर, खाचांना स्पर्श नाही. उजेडाकडे तिरकी करायची. वरवरच्या बारीक रेघांचं जाळं दिसलं तर घाबरू नका, माझ्या अनुभवात ते बहुधा वाजत नाही. नखाला लागतो तो चरा वाजतो (नख लावण्याआधी दुकानदाराला विचारलेलं बरं). मग डोळ्यांच्या रेषेत धरून कड सपाट आहे ना ते बघायचं. मधलं भोक जराही बाजूला पडलेलं असेल तर पियानोचा लांबलेला सूर डोलतो, आणि हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. शंका उरलीच तर काउंटरवर लावून घ्यायची. एकदा दुकानदाराने माझ्या हातातली प्रत स्वतःहून काढून घेतली. “ती राहू द्या, शेवटच्या गाण्याला घासलीय. थांबा, आत दुसरी आहे.”

शिवाय ऑनलाइन शोधायला आधी नाव माहीत असावं लागतं. दुकानात तसं नाही. खोक्यातली कव्हरं एकामागून एक चाळताना नाव ठाऊक नसलेलं काहीतरी हाती येतं. माझ्या आवडत्या रेकॉर्ड्सपैकी निम्म्या तरी अशाच आल्यात.

भाव? दुकानात थोडा जास्त पडतो, हे खरं. तो मी ऐकण्याचा मोबदला धरतो. एप्रिलमधल्या ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ची (रेकॉर्डच्या दुकानांचा वार्षिक उत्सव, २००८पासून भरतो) गर्दी मला तितकीशी मानवत नाही, पण त्या निमित्ताने नवी माणसं दुकानात शिरतात, हे चांगलंच. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा एलपी संख्येने जास्त खपल्या, १९८७नंतर पहिल्यांदाच. मागणी वाढली तसे विकणारेही नवखे वाढलेत असं मला वाटतं, आणि नवख्याची ‘व्हीजी प्लस’ जरा जपूनच घ्यावी.

जवळपास दुकान नसेल, किंवा मॅट्रिक्स नंबरासकट एकच आवृत्ती हवी असेल, तर ऑनलाइन घ्या. मात्र विक्रेत्याला आधी विचारा: वाजवून पाहिलीय का?

त्या अल्बमची दुसरी प्रत मला पुढे दुकानात सापडली. आवृत्ती नंतरची, कव्हरचा कोपरा दुमडलेला, मागे कुणीतरी शाईने नाव लिहिलेलं. दुकानदाराने दुसरी बाजू लावली आणि आम्ही दोघं त्या जागेपर्यंत उभे राहिलो. वाद्यं थांबली, नुसता गळा उरला, आणि मध्ये काहीच वाजलं नाही. मी खिशातून पैशांचं पाकीट काढलं.